तात्रामधली संक्रांत

सोमवार : क्राकूफ ते झाकोपाने

क्राकूफहून तात्रा पर्वताच्या पायथ्याच्या झाकोपानेला दिवसभर बस सुटतात. रस्ता मोकळा असला तर अडीच तास, आणि रस्ता सहसा मोकळा नसतो. इथल्या कोंडीबद्दल पोलिश लोक ज्या सुरात बोलतात, त्या सुरात आपल्याकडे फक्त खंडाळ्याच्या घाटाबद्दल बोललं जातं. आमचं नशीब बरं होतं. शाळांच्या हिवाळी सुट्ट्या अजून लागल्या नव्हत्या, बस अर्धी रिकामी होती आणि हीटर असा लावला होता की बाहेर उणे सहा असताना आत आम्ही स्वेटर काढून बसलो होतो.

आम्ही म्हणजे मी आणि माझा मामेभाऊ. तो व्रोत्सवाफला शिकतो. मी रजा जमवून, सॅक पाठीला लावून पोलंड फिरत होते. पठ्ठ्या मूळचा कोल्हापूरचा, त्यामुळे पोलंडशी आपलं जुनं नातं आहे हे तो भेटेल त्याला ऐकवतो. ते खोटंही नाही. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियातून सुटलेले पाचेक हजार पोलिश निर्वासित १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले होते, त्यांत बायका-मुलंच जास्त. वॉर्सॉत कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, तिथे याचे सेल्फी काढून संपेनात. झाकोपानेत ज्या आजींच्या लाकडी घरात आम्ही खोली घेतली, त्यांनाही ही कथा मोडक्यातोडक्या पोलिशमध्ये ऐकवून झाली. आजींना कोल्हापूर ठाऊक नव्हतं. पण सायबेरिया, मुलं, छावणी एवढे शब्द कळल्यावर त्या काही न बोलता उठल्या आणि आमच्या ताटात आणखी दोन-दोन पिरोगी वाढून गेल्या. करंजीच्या आकाराच्या या पिरोगीत बटाटा आणि पांढरं चीज भरलेलं असतं, वरून परतलेला कांदा. जेवण झाल्यावर हलायची इच्छा उरली नाही.

मंगळवार : झाकोपानेतच

तात्रा ही उंचीच्या हिशोबात किरकोळ रांग. सर्वांत उंच शिखर गेर्लाख २६५५ मीटर, तेही स्लोव्हाकियात. रांगेचा मोठा भाग तिकडेच आहे. पोलंडच्या वाट्याला आलेलं सर्वांत उंच टोक म्हणजे रिसी, २४९९ मीटर. हिमाचलात एवढ्या उंचीवर सफरचंदाच्या बागा असतात. पण हा डोंगर एकोणपन्नासाव्या अक्षांशावर उभा आहे, आणि जानेवारीत सूर्य साडेसातनंतर उगवून चारच्या सुमारास मावळतो. उंची बघून हिवाळी तात्राला हलक्यात घेणारे बरेच असतात. बचावपथकाला बहुतेक कामही तेच पुरवत असणार.

उद्याच्या तयारीसाठी सकाळी सामान भाड्याने देणाऱ्या दुकानात गेलो. तिथे क्रॅम्पॉन (बुटाला बांधायचे मोठे पोलादी काटे), आइस अ‍ॅक्स, हिमप्रपातात गाडल्या गेलेल्या माणसाला शोधायचं यंत्र, लांब सळई आणि फावडं, सगळं मिळतं. दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला, "कुठपर्यंत?" चार्नी स्ताव, म्हणजे वरच्या तळ्यापर्यंत, म्हटल्यावर त्याने क्रॅम्पॉन बाजूला ठेवले आणि बुटावर रबराने चढवायचे छोटे काटे दिले. इथे त्यांना 'राच्की' म्हणतात. "याच्या वर जाणार असाल तर हे चालत नाहीत," हे त्याने दोनदा सांगितलं आणि मामेभावाकडे बघून तिसऱ्यांदा.

मग भिंतीवरचा फलक दाखवला. तोपर, म्हणजे इथलं पर्वतीय बचावपथक, हिवाळ्यात रोज हिमप्रपाताचा धोका जाहीर करतं. एक ते पाच असे अंक असतात, उंचीनुसार वेगवेगळे, आणि कुठल्या दिशेच्या उतारावर धोका जास्त हेही दिलेलं असतं. त्या दिवशी वरच्या पट्ट्यात दोन, खालच्या पट्ट्यात एक. पाचपैकी दोन म्हणजे काठावर पास असं आपल्याला वाटतं, पण ही मोजपट्टी सरळ चढत नाही. प्रत्येक अंकाला धोका कितीतरी पटींनी वाढतो. युरोपात हिमप्रपाताचे सर्वाधिक बळी तीनवर जातात, दोनवरही कमी जात नाहीत. चार आणि पाच असताना लोक घरीच बसतात. पडून गेलेला बर्फ वारा एका बाजूने उचलतो आणि कड्याच्या आडोशाला नेऊन साठवतो. तिथे त्याची घट्ट लादी तयार होते, पण खालच्या थराला ती नीट चिकटलेली नसते. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर अशी लादी असली की ती सुटायला एका माणसाचं वजन पुरतं. आपल्या घाटात पावसाळ्यात दरड कोसळते, तिथे माणूस बहुधा निमित्त नसतो. इथे गाडला जाणारा बहुतेक वेळा स्वतःच निमित्त असतो.

दुपारी क्रुपूफ्की नावाच्या मुख्य रस्त्यावर फिरलो. गर्दी, रोषणाई, फरच्या टोप्या आणि दर वीस पावलांवर भाजलेलं चीज क्रॅनबेरीच्या मुरंब्यासोबत विकणाऱ्या बायका. इथलं प्रसिद्ध चीज म्हणजे ओस्त्सिपेक, मेंढीच्या दुधाचं, धुरावर धरलेलं, साच्यात दाबून नक्षी उठवलेलं. २००८ पासून त्याला युरोपीय संघाचं संरक्षण आहे. मेंढ्या उन्हाळ्यात चरतात आणि खरं ओस्त्सिपेक त्याच काळात बनतं. जानेवारीत हातगाडीवर मिळतं ते बहुतेक गाईच्या दुधाचं त्याच्यासारखं दिसणारं चीज. चवीला झकास असतं, नाव मात्र उसनं. आम्ही दोनदा घेतलं.

बुधवार : कुझ्नित्से, मुरोव्हान्येत्स, चार्नी स्ताव

संक्रांत होती. मामीने लेकासाठी माझ्याबरोबर तिळाच्या वड्या पाठवल्या होत्या. थर्मासभर चहा, ब्रेड, डोक्याचे दिवे आणि त्या वड्या सॅकमध्ये टाकून आम्ही सातच्या मिनीबसने कुझ्नित्सेला पोहोचलो. पाण्याच्या बाटल्या मामेभावाने उलट्या ठेवल्या. थंडीत पाणी वरून गोठायला लागतं. बाटली उलटी असली की बर्फ बुडाशी राहतो आणि झाकण उघडतं. व्रोत्सवाफच्या गिर्यारोहण क्लबात शिकला म्हणे. मोबाइल मात्र मी माझ्या अक्कलेने आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवला.

कुझ्नित्सेला एकेकाळी लोखंडाच्या भट्ट्या होत्या. त्यांच्यासाठी आजूबाजूचं जंगल तोडून झालं. १८८९ मध्ये काउंट व्वादिस्वाव झामोयस्कीने ही सगळी जहागीर लिलावात घेतली, जंगल राखलं आणि पुढे राष्ट्राला देऊन टाकली. राष्ट्रीय उद्यान १९५४ मधलं. इथून कास्प्रोवी शिखरावर १९३६ पासून केबल कार जाते. स्की घेतलेली सगळी जनता तिच्या रांगेत उभी होती, पायी निघालेले मोजकेच.

निळ्या खुणांची वाट धरली. पोलंडमध्ये झाडांवर, दगडांवर पांढरा-रंग-पांढरा असे पट्टे रंगवलेले असतात, आणि नाक्यावरच्या पाट्यांवर अंतर नसतं, वेळ असते. मुरोव्हान्येत्सच्या निवाऱ्यापर्यंत साधारण दोन तास. हा वेळ उन्हाळ्यातला. ताज्या बर्फात त्याला काही अर्थ उरत नाही, पण वाट मळलेली होती आणि काटे चांगले धरत होते.

पहिला तास बोचान्यचा चढ, स्प्रूसच्या दाट रानातून. इथे चालायची रीत आपल्यापेक्षा उलटी आहे. सह्याद्रीत घाम निथळला तर निथळू देतात, वारा लागला की बरं वाटतं. इथे घाम हाच शत्रू. कपडे ओले झाले आणि माणूस थांबला की पाच मिनिटांत दात वाजायला लागतात. म्हणून निघतानाच थोडी थंडी वाजली पाहिजे, चालताना चेन उघडायची आणि थांबण्याआधी, थांबल्यावर नव्हे, जाकीट चढवायचं. हे वाचलेलं होतं. पण उणे नऊमध्ये मुद्दाम जाकीट काढून सॅकमध्ये कोंबायला मन तयार होत नाही. मामेभाऊ मागून, "ताई, काढ. आत्ता काढ."

रान संपून स्कुप्न्युफच्या धारेवर आलो आणि एकदम ऊन लागलं. खाली झाकोपाने नव्हतंच. दरीत ढगांचा सपाट थर भरला होता आणि त्यातून फक्त पलीकडच्या टेकड्यांची टोकं वर आली होती. हिवाळ्यातल्या निवांत रात्री थंड, जड हवा दरीत उतरून बसते आणि वर उबदार हवेचं झाकण पडतं. गावातला चुलींचा कोळशाचा धूरही त्याच झाकणाखाली अडकतो, त्यामुळे सकाळी गावात खोकला आणि पाचशे मीटर वर निळंशार आकाश. आमच्यापेक्षा खाली असलेल्या आजींच्या घरात आत्ता जास्त थंडी असणार हे मामेभावाला काही केल्या पटेना. उजवीकडे ग्येव्होंतचा कडा दिसत होता, माथ्यावर १९०१ मध्ये बसवलेला पंधरा मीटरचा लोखंडी क्रूस काडीएवढा.

धार संपते ती १४९९ मीटरवरच्या खिंडीत. पुढे वाट थोडी उतरते आणि समोर हाला गोंशेनित्सोवा उघडतं. हे जुनं गवताळ कुरण. मेंढपाळांच्या काळ्या लाकडी झोपड्या अजून उभ्या आहेत, छपरापर्यंत बर्फात. मागे सगळी रांग अर्धगोल उभी: श्फिनित्सा, कोश्चेलेत्सचा सुळका, ग्रानाती. वाटेच्या कडेने बर्फात उंच काठ्या रोवलेल्या होत्या. धुकं उतरलं की दगडांवरचे पट्टे काही कामाचे नसतात, काठीवरून काठीवर जायचं.

साडेदहाला मुरोव्हान्येत्स. १९२५ पासून उभी असलेली दगडी इमारत, गिर्यारोहकांचा निवारा. आत शिरताच चष्म्यावर वाफ धरली आणि नाकात आंबवलेल्या कोबीचा वास गेला. क्वाश्नित्सा नावाचं ते सूप, त्यात बटाटा आणि डुकराच्या बरगड्या. आंबट, खारट, तुपकट, आणि त्या क्षणी त्याहून चांगलं काही असू शकेल असं वाटलं नाही. मोज्यांच्या रांगा हीटरवर वाळत होत्या. लोक आपापले डबे उघडून बसले होते, त्याला कुणी हरकत घेत नाही. शेजारच्या बाकावर साठीचे दोन गृहस्थ थर्मासमधला चहा पीत होते. मामेभावाने त्यांच्यापुढे वड्यांचा डबा धरला. "तिळगूळ घ्या, गोड बोला" याचं त्याने पोलिशमध्ये काय केलं ते मला कळलं नाही, पण त्यातल्या एकाने वडी तोंडात टाकली, चावली, आणखी एक उचलून खिशात ठेवली. "वरसाठी," असं काहीसं म्हणाला.

निवाऱ्याजवळच्या उतारावर गिर्यारोहणाचा वर्ग चालू होता. पंधरा-वीस मिनिटं आम्ही तिथून हललो नाही. विद्यार्थी पाठीवर झोपायचा, डोकं उताराच्या दिशेला, आणि शिक्षक त्याला ढकलून द्यायचा. घसरत असताना त्याने आइस अ‍ॅक्सचं टोक बर्फात खुपसायचं, त्याभोवती अंग फिरवून पालथं व्हायचं आणि सगळं वजन त्यावर टाकून थांबायचं. एका मुलीच्या हातून अ‍ॅक्स सुटली आणि ती तळापर्यंत हसत गेली. शिक्षक हसला नाही. तिला परत वर बोलावलं, परत ढकललं. चौथ्या वेळी ती दोन माणसांच्या अंतरात थांबली, तेव्हा त्याने नुसती मान हलवली. १७ फेब्रुवारी १९८० ला एव्हरेस्टवर पहिल्यांदा हिवाळ्यात माणूस पोहोचला, तो पोलिश मोहिमेतून: क्शिश्तोफ व्हिएलित्स्की आणि लेशेक चिही, नेता आंजेय झावादा. त्यांच्या देशात अडीच हजार मीटरचासुद्धा डोंगर नाही, तरी हिवाळ्यातला हिमालय त्यांनीच आपलासा केला. पोलिश गिर्यारोहकांच्या पिढ्या याच कड्यांवर, याच थंडीत घासून तयार झाल्या.

पुढची वाट मावी कोश्चेलेत्सच्या, म्हणजे धाकट्या कोश्चेलेत्सच्या, पायथ्याजवळून जाते. उन्हाळी वाट उतार आडवा कापते. हिवाळ्यात लोक खालून, दरीच्या तळाने जातात, आणि का जातात त्याचं कारण तिथेच दगडावर कोरलेलं आहे. मेचिस्वाव कार्वोविच हा पोलंडचा मोठा संगीतकार, वय बत्तीस. ८ फेब्रुवारी १९०९ ला तो एकटाच, स्कीवर, कॅमेरा घेऊन चार्नी स्तावकडे निघाला होता. या उतारावरचा हिमप्रपात त्याच्या अंगावर आला. त्या काळात तात्रामध्ये कायमचं असं बचावपथक नव्हतं. मारियुश झारुस्की आणि त्याचे मित्र ते उभं करायच्या खटपटीत होतेच. या मृत्यूनंतर कामाला जोर आला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तोपर स्थापन झालं.

दगडाचा खालचा भाग बर्फात होता. वरच्या कोरीव अक्षरांवरून मी हातमोज्याने भुसभुशीत बर्फ झाडला आणि थबकलेच. स्वस्तिक. सरळ, ठसठशीत. युरोपात उघड्यावर स्वस्तिक बघायची सवय नसल्याने दोघेही क्षणभर इकडेतिकडे बघायला लागलो. पण हा दगड हिटलरच्या आधीचा आहे. गुराल, म्हणजे इथले डोंगरी लोक, घराच्या लाकडी तुळयांवर हे चिन्ह शुभ म्हणून कोरायचे, आणि कार्वोविचला ते आवडायचं. पुढे जे झालं त्यामुळे हे चिन्ह इथून जवळजवळ पुसलं गेलं, या दगडावर तेवढं राहिलं. मी एक तिळाची वडी तिथे ठेवणार होते. "ताई, राष्ट्रीय उद्यान आहे," मामेभाऊ म्हणाला. मग ती त्यानेच खाल्ली.

पाऊण बाराला चार्नी स्ताव. समुद्रसपाटीपासून १६२४ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा वीसेक मीटर खाली! आणि समोर सुमारे पन्नास मीटर खोल तळं, या काठापासून त्या काठापर्यंत गोठलेलं, मधल्या बेटावरच्या खुज्या पाइनचे फक्त शेंडे बाहेर. तिन्ही बाजूंनी कडे. डावीकडे ग्रानातीच्या भिंतीवर ऊन, उजवीकडे कोश्चेलेत्स सावलीत, आणि त्या सावलीची रेघ बर्फावरून आमच्या दिशेने सरकत येत होती. काही लोक तळ्यावरून चालत पलीकडे निघाले होते. बर्फाची जाडी सगळीकडे सारखी नसते, झऱ्याच्या तोंडाशी तो पातळ असतो. आम्ही काठावरच बसलो.

इथे आमचं थोडं वाजलं. उजवीकडून एक वाट कार्बच्या खिंडीत चढते, १८५३ मीटर. तिथे दोन माणसं ठिपक्यांएवढी दिसत होती.

"सव्वा तासात होईल ताई. वेळ आहे."

"काटे कुठले आहेत तुझ्या पायात?"

"ते दोघं गेलेत की."

"त्यांच्या हातात अ‍ॅक्स आहेत. आणि फलकावर वरच्या पट्ट्यात किती होतं?"

"दोनच तर होतं."

मी काही बोलले नाही. तो थोडा वेळ खिंडीकडे बघत बसला, मग थर्मास काढून चहा ओतला. राग आला की तो चहा फार सावकाश पितो. एवढ्यात मागून तो निवाऱ्यातला वडीवाला गृहस्थ आला, पायांत स्की. आम्हाला बघून हात केला, खिशातून वडी काढून दाखवली, तोंडात टाकली आणि आल्या वाटेने परत फिरला. एकालाच ओळखीचं हसू देऊन गेला, अर्थात मामेभावाला. वातावरण निवळलं.

सावलीची रेघ आमच्यापर्यंत आली तशी थंडी एका दमात वाढली. सव्वाबाराला उठलो. परतीची वाट तीच. उतारावर मळलेला बर्फ दुपारपर्यंत गुळगुळीत झाला होता आणि काटे नसलेले लोक बसून घसरत येत होते. निवाऱ्यात सफरचंदाचा केक खाल्ला, उकळतं पाणी भरून घेतलं. धारेवर आलो तर सकाळचा ढगांचा थर फाटला होता, गाव दिसत होतं. सव्वातीनला कुझ्नित्से. दिवे सॅकमधून काढायची वेळ आली नाही.

गुरुवार : हाल्नी

पहाटे खिडक्या वाजायला लागल्या. दक्षिणेकडून रांग ओलांडून खाली उतरणारा कोरडा, गरम वारा, त्याला इथे हाल्नी म्हणतात. एका रात्रीत तापमान शून्याच्या वर गेलं, छपरावरचा बर्फ धडाधड खाली यायला लागला. २०१३ च्या नाताळात याच वाऱ्याने तात्रामधलं स्प्रूसचं रान मोठ्या पट्ट्यांनी झोपवलं होतं. आजींचं डोकं दुखत होतं. हाल्नी सुटला की दुखतंच, म्हणाल्या. केबल कार बंद. तोपरच्या फलकावर तीन.

बसला वेळ होता म्हणून जुन्या लाकडी चर्चमागच्या छोट्या दफनभूमीत गेलो. इथे क्लिमेक बाख्लेदाची कबर आहे. गुराल वाटाड्या, तोपरचा अगदी सुरुवातीचा माणूस. ऑगस्ट १९१० मध्ये एका जखमी गिर्यारोहकाला आणायला पथक गेलं. पाऊस, गारठा, निसरडे कडे. झारुस्कीने मागे फिरायला सांगितलं, बाकीचे फिरले, हा साठीचा माणूस एकटाच पुढे गेला आणि कोसळून मेला. जखमीही वाचला नाही. पथक स्थापन होऊन वर्षही झालं नव्हतं.

काटे परत करायला दुकानात गेलो. दुकानदाराने साखळ्या मोजल्या, टोकं बोटाने तपासली आणि अनामत परत दिली. मामेभावाने कार्बचा विषय काढलाच. क्रॅम्पॉनशिवाय तिथे कधी जाता येईल?

"जूनमध्येसुद्धा सावलीत बर्फ असतो," दुकानदार म्हणाला. "जुलैत या."

बाहेर आल्यावर हा म्हणतो, "ताई, जुलैत मला सुट्टी असते."

जुलैत मला रजा मिळत नाही, हे मी त्याला बसमध्ये बसल्यावर सांगितलं.